साखर आणि आंबट : स्वयंपाकघरापासून गव्हाणीपर्यंत



गळीत हंगाम तोंडावर आला की या पानावर आम्ही शेतकी खात्याची माणसे दरवर्षी एकच गोष्ट सांगतो : तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत काट्यावर आणा. आपण ते वाचता, मान डोलावता आणि पान उलटता. त्यात आपली चूक नाही. "आणा" एवढेच आम्ही सांगत आलो, "का" ते कधी बैजवार सांगितले नाही. या वेळी ते सांगावयाचे आहे. मात्र सुरुवात उसाच्या फडापासून न करता जरा लांबून, थेट भामरागडच्या जंगलातून करतो. शेवटी गाडी आपल्याच गव्हाणीवर येणार आहे, तेव्हा धीर धरावा.

मोहफुलांचा प्रश्न

माझा एक भाचा भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. हंगाम संपल्यावर एप्रिल महिन्यात मी चार दिवस त्याच्याकडे गेलो होतो. पूर्वी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो गडचिरोलीत आहे. आलापल्लीच्या पुढे घनदाट जंगल लागते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम भामरागडला होतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाची वाट बंद होते. बाबा आमटे यांनी 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला ते हेमलकसा तिथून अगदी जवळ. वस्ती मुख्यतः माडिया लोकांची, पीक धानाचे.

मार्च-एप्रिल म्हणजे तिकडे मोह वेचण्याचे दिवस. फुले रात्री आणि पहाटे गळतात. बायामाणसे, पोरेसोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. एका अंगणात वेचलेली फुले उन्हात पसरून ठेवली होती. मी दोन उचलून तोंडात टाकली. गोड म्हणजे किती, आपल्या गुऱ्हाळातली काकवी चाटावी तशी! भाच्याने माझी ओळख साखर कारखान्यातला माणूस अशी करून दिली. त्यावर तिथली म्हातारी आजी माडियात काहीतरी बोलली. भाच्याने मराठीत सांगितले ते असे : "गुरुजी, तुमच्या मामाला विचारा, आमचा मोह एवढा गोड आहे, मग त्याची पांढरी दाणेदार साखर का होत नाही?"

वीस-बावीस वर्षे उसात घालवलेला मी माणूस, पण तोंडात उत्तर आले नाही. "उसाची जातच वेगळी" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेतला. मास्तर लोकांना सगळे वाचायची सवय! भाचा पुड्याची मागची बाजू वाचत म्हणाला, "मामा, यात साखर तर आहेच, मग परत हे इन्व्हर्ट शुगर सिरप कशाला? आणि त्याच्यापुढं साखर आणि सायट्रिक ॲसिड असं लिहिलंय."

त्या पुड्यावर आजीच्या प्रश्नाचे उत्तर छापलेले होते. आणि आपल्या चोवीस तासांच्या नियमाचेही.

साखर म्हणजे जुंपलेली जोडी

आपण जिला साखर म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत सुक्रोज. ही एकटी नसते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या साखरा एका जुवाला जुंपल्या की सुक्रोज होते. बैलजोडी जुवाला असते तोवर गाडी ओढते. शिवळ काढली की एक बैल बांधाकडे, दुसरा विहिरीकडे. बैल तेच, पण गाडी जागेवर. साखरेचेही तसेच आहे. जोडी शाबूत असेल तोवर तिचा स्वच्छ, टणक दाणा बांधतो. जोडी सुटली की गोडी राहते, किंबहुना फ्रुक्टोज जास्त गोड असल्याने किंचित वाढतेसुद्धा, पण त्या मिश्रणाचा दाणा सहजासहजी बांधत नाही. ते चिकट पाकासारखे राहते. या सुटलेल्या साखरेला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. आपण तिला "फुटलेली साखर" म्हणू.

मध हे फुटलेल्या साखरेचे उत्तम उदाहरण. फुलातील रसातली साखर मधमाशी आपल्या विकराने म्हणजे एन्झाइमने फोडते. मोहफुलाचेही तेच. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते, पण ती बहुतेक फुटलेली. म्हणून मोह गोड असूनही त्याची दाणेदार साखर होत नाही. चिंच घ्या. चिंचेत साखर भरपूर असते, आंबटपणाखाली ती झाकली जाते एवढेच. पण तीही फुटलेली, म्हणून चिंचेपासून कोणी साखर काढत नाही. ऊस आणि शुगर बीट यांचे मोठेपण असे, की त्यांच्यात जोडी शाबूत असलेली साखर मोठ्या प्रमाणावर साठते.

आता शिवळ कोण काढतो? तीन जण काढतात. पहिला आंबटपणा, म्हणजे आम्ल. दुसरी उष्णता, जी आम्लाच्या कामाला जोर देते. तिसरे विकर, आणि हे विकर उसाच्या अंगातच असते. ते पुढे येईल.

घरात करून पहा

हा भाग खास भगिनींसाठी, पण बंधूंनीही वाचावा.

एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी घेऊन दोनतारी पाक करा. दुसऱ्या पातेल्यात तेवढाच पाक करा, पण त्यात सुरुवातीलाच अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. दोन्ही गार करून झाकून ठेवा. दोन-चार दिवसांत पहिल्या पाकाला कडेने खडे धरू लागतील. लिंबाचा पाक बहुधा तसाच नितळ राहील. लिंबाच्या रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक ॲसिड असते. त्याने उकळत्या पाकातली थोडी साखर फोडली, आणि ती फुटलेली साखर मध्ये मध्ये घुसून बाकीच्या साखरेला दाणा धरू देत नाही.

गुलाबजामच्या पाकात चार थेंब लिंबू पिळतात ते यासाठीच. कैरीचा साखरांबा वर्षभर मऊ राहतो, कारण कैरीतल्या आम्लाने पाकातली काही साखर फोडलेली असते. उलट खडीसाखर करायची तर आंबट जवळही येऊ देऊ नये. बिस्किटवाले मात्र मुद्दाम सायट्रिक ॲसिड घालून साखर फोडतात. त्या पाकाने बिस्किटाला भाजताना चांगला रंग येतो आणि खुसखुशीतपणा जमतो.

आणखी एक घ्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. आंबट आणि गोड एकमेकांना झाकतात. लिंबू जास्त पिळले की सरबतात साखरही जास्त घातली जाते आणि जिभेला कळत नाही. बाटलीतल्या थंड पेयांत 100 मिलिलिटरला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 300 मिलिलिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे. आंबटपणामुळेच ती एवढी वाटत नाही. आपण साखर पिकवणारी माणसे, पण घरात कोणाला मधुमेह असेल तर हा हिशेब माहीत असलेला बरा. पुड्यावर नुसता 330 हा आकडा दिसला तर ते सायट्रिक ॲसिड समजावे.

लिंबू न पाहिलेले लिंबाचे फूल

किराणा दुकानात "लिंबाचे फूल" म्हणून पांढरी भुकटी मिळते, ती हेच सायट्रिक ॲसिड. कार्ल विल्हेल्म शेले या शास्त्रज्ञाने 1784 साली ते प्रथम लिंबाच्या रसातून वेगळे काढले. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे ते इटलीतल्या लिंबांपासूनच होत असे. सन 1917 मध्ये जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की एक काळी बुरशी साखर खाऊन भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते. ॲस्परजिलस नायजर तिचे नाव. आपल्या चाळीतल्या कांद्यावर जी काळी भुकटी धरते तीच ही जात. सन 1919 पासून अमेरिकेत या पद्धतीने कारखानदारी सुरू झाली. आज जगातले बहुतेक सायट्रिक ॲसिड साखरेच्या मळीपासून, म्हणजे मोलॅसिसपासून, किंवा मक्याच्या ग्लुकोजपासून अशा बुरशीकडूनच करून घेतात. म्हणजे दुकानातल्या लिंबाच्या फुलाने लिंबू पाहिलेलेसुद्धा नसते. साखरेतून निघालेले आम्लच पुन्हा साखर फोडायला वापरतात, असा हा उफराटा संसार आहे.

आता आपल्या उसाकडे

उसाचा ताजा रस आपल्याला निव्वळ गोड लागतो, पण तोही थोडा आंबट असतो. त्याचा सामू साधारण 5 ते 5.5 असतो. सामू 7 म्हणजे ना आंबट ना तुरट, आणि 7 च्या खाली जितके जावे तितका आंबटपणा वाढतो. उसातले मुख्य आम्ल म्हणजे ॲकॉनिटिक ॲसिड. हे सायट्रिक ॲसिडचे सख्खे भावंड आहे. सायट्रिक ॲसिडमधून पाण्याचा एक रेणू काढला की ॲकॉनिटिक ॲसिड होते. म्हणजे साखर फोडणारा गडी उसाच्या घरातच राहतो.

शिवाय उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ऊस वाढीला लागलेला असतो तेव्हा त्याला ताकदीसाठी साध्या साखरा लागतात, म्हणून हे विकर साखर फोडून देते. ऊस पक्व होत जाईल तसे त्याचे काम मंदावते आणि साखर साठू लागते. पक्व उसात साखरेचे प्रमाण साधारण 12 ते 14 टक्के आणि फुटलेली साखर अगदी थोडी असते. पण शेंड्याचा भाग कोवळाच असतो, तिथे फुटलेली साखर जास्त. बुडख्याकडे जोडी शाबूत असलेली साखर जास्त. म्हणून ऊस जमिनीलगत तोडा आणि वाढे नीट छाटा, असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. तोडकऱ्याने बुडखा चार बोटे वर ठेवला आणि शेंडा चार बोटे जास्त घेतला, तर चांगली साखर रानात राहते आणि फुटलेली साखर गाडीत चढते.

उभ्या उसात सगळे बेताने चाललेले असते. कोयता लागला की चित्र बदलते. मुळांचे पाणी तुटते, ऊस सुकू लागतो, उष्णता वाढते, आणि मंदावलेले विकर पुन्हा जोर धरते. कापलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात. त्यातला ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट डिंक सोडतो. आम्ल वाढले की साखर आणखी फुटते. डिंकामुळे कारखान्यात रस गाळताना आणि दाणा धरताना अडचण येते. पेटलेला ऊस, पावसात भिजलेला ऊस आणि हार्वेस्टरने तुकडे केलेला ऊस यांत जिवाणूंना दारे जास्त, म्हणून तो आणखी लवकर बिघडतो. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, मऊ पडतो, पाणी सोडतो, हे आपल्या गुळव्यांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. कारण तेच.

कारखान्यात रस आला की पहिले काम त्याला चुन्याची निवळी देऊन आम्ल मारण्याचे असते. रस पुढे तापवायचा असतो, आणि आंबट रस तापवला तर लिंबाच्या पाकासारखी गत होते. सामू 7 च्या आसपास आणून ही फूट थांबवता येते. पण ध्यानात घ्या, चुना पुढची फूट थांबवतो. फडात, रस्त्यावर किंवा यार्डात जी साखर फुटली ती चुन्याने परत जोडली जात नाही.

काट्याला न कळणारा तोटा

सन 2004-05 च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यात गटात नवीन होतो. मार्च महिना, ऊन तापलेले. एकाच दिवशी दोन टोळ्यांना तोड देऊन बसलो आणि वाहने मिळाली नाहीत. एका वयस्कर सभासदाचा ऊस चार दिवस फडात पडला. वजन घटले, ते त्यांना काट्यावर दिसले. मी माफी मागायला गेलो, तर ते म्हणाले, "साहेब, वजन गेलं ते काट्यानं सांगितलं. आतली साखर गेली ती कुठल्या काट्यावर दिसायची?"

चूक माझी होती. तो प्रश्न मात्र मी आजवर विसरलेलो नाही, कारण त्यातच सगळे आले. गंमत अशी, की 100 किलो साखर फुटली तर पाणी धरून तिची 105 किलो फुटलेली साखर होते. वजन वाढते! पण त्यातला दाणा पोत्यात येत नाही, तो मळीत जातो. काट्याला हा तोटा कधीच कळत नाही. तो कळतो उताऱ्यात.

आणि उतारा एकट्याचा नसतो. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवली. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3 रुपये 46 पैसे जास्त. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. हा 0.1 टक्का म्हणजे टनामागे फक्त एक किलो साखर. समजा, एखाद्या कारखान्याचे गाळप पाच लाख टन आहे आणि उतारा 10.25 च्या वर आहे, तर टनामागे एक किलो साखर फुटल्याने सभासदांच्या दरातले 1 कोटी 73 लाख रुपये जातात. कोणी म्हणेल, मळीचे इथेनॉल होतेच की! होते, पण दर ठरतो तो उताऱ्यावर, आणि जिवाणूंनी खाल्लेली साखर तर मळीतही येत नाही.

दर ठरवताना संपूर्ण कारखान्याचा सरासरी उतारा धरतात. तेव्हा माझा शिळा ऊस माझ्याच खिशातून जातो असे नाही. ज्याने ताजा, स्वच्छ ऊस आणला त्याच्याही खिशातून तो जातो. सहकार म्हणजे नफ्यात वाटा, तसा निष्काळजीपणातही वाटा, तो न मागता मिळतो.

काय करावे

1. तोडचिठ्ठी हातात आल्यावर वाहन नक्की झाल्याशिवाय कोयता लावू देऊ नये. मुकादमाने आग्रह केला तरी आज भरेल तेवढाच ऊस आज तोडावा.

2. ऊस जमिनीलगत तोडावा. वाढे आणि कोवळा शेंडा छाटावा. पाचट, माती, पाणकोंब गाडीत चढवू नयेत.

3. तोडलेल्या मोळ्या उन्हात ठेवाव्या लागल्या तर वरून पाचट अगर वाढ्यांचे आच्छादन करावे.

4. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळी संपवावा. उशिरा दिलेल्या युरियाने ऊस हिरवा राहतो, पिकत नाही, आणि त्यात फुटलेली साखर जास्त राहते.

5. तोडणीआधी जमिनीच्या मगदुरानुसार पाणी तोडावे. तोडणीच्या तोंडावर दिलेल्या पाण्याने टनेज वाढल्यासारखे वाटते, उतारा घटतो.

6. ऊस पेटवून तोडू नये. चुकून पेटला तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे, म्हणजे त्याला आधी वाहन देता येईल.

7. आमच्या बाजूने : वाहन उशिरा आले, गाडी यार्डात अडकली, तर सभासदांनी तारीख-वेळेसह लेखी तक्रार गट ऑफिसला द्यावी. चूक आमची असेल तर ती आम्हाला कळलीच पाहिजे. वीस वर्षांपूर्वी माझी मला कळली, ती त्या सभासदांनी तोंडावर सांगितली म्हणून.

भाच्याला मी पत्राने आजीचे उत्तर कळवले. त्याने उलट लिहिले, की आजीला ते पटले, पण तिने आणखी एक विचारले आहे. मोहफुले ती पहाटे वेचते आणि त्याच दिवशी उन्हात पसरते, कारण ओल्या ढिगात ठेवली तर ती आंबतात, हे तिला आईने शिकवले. तुमचे लोक गोड ऊस तोडून चार-चार दिवस ढिगात कसे ठेवतात, असे तिचे म्हणणे. याचे उत्तर मला पत्रात लिहिता आले नाही. ते या हंगामात आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी